तीन रिंग मॉड्युलेटर आणि ताईचा आवाज

आमच्या भावोजींना साधी बादली घ्यायची असली तरी त्यात अर्धी सकाळ जाते. ते तिचा रंग बघत नाहीत, कडी ओढून बघत नाहीत. बादली उलटी धरायची, बुडावर बोटाच्या पेराने टकटक करायची, मग दुसरी उचलायची, तिच्यावर टकटक, मग पुन्हा पहिली. दुकानदार आधी हसतो, मग कंटाळतो आणि शेवटी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मी एकदा त्यांच्यासोबत गेले आणि कानाला खडा लावला.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ती दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या. मी पडदे शिवते. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांचे. भावोजी सभागृहांतले लाउडस्पीकर आणि माइक दुरुस्त करतात. गल्लीत त्यांना सगळे तारवाले म्हणतात, आणि ते नाव त्यांना इतकं चिकटलंय की दारावरची पाटी आता कोणी वाचतही नाही.

पण दुरुस्ती हा झाला पोटापाण्याचा उद्योग. जीव अडकलाय तो मागच्या खोलीत. तिथे भिंतभर एक लाकडी चौकट आहे आणि तिच्यात शेजारी शेजारी बसवलेले धातूचे छोटे छोटे डबे. प्रत्येकावर फिरवायची बटणं आणि तार खुपसायची भोकं. याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. पियानोसारख्या पट्ट्या त्याला नाहीत. एक डबा सूर काढतो, दुसरा तो बारीक-मोठा करतो, तिसरा लांबवतो, आणि कोणाचं कोणाशी जमवायचं ते भावोजी रंगीत तारांनी ठरवतात. लग्नं जुळवणाऱ्या बाईसारखे ते त्या चौकटीपुढे तासन्तास उभे असतात, आणि जेवायला हाक मारली की दचकतात.

दुपारी माझं शिवणयंत्र थांबलं की त्या खोलीतला आवाज छतातून झिरपत खाली येतो. त्याला चाल नसते, ठेका नसतो. कधी लांब कुठेतरी घंटा वाजली आणि तिचा नाद विरायचाच राहून गेला असं वाटतं, कधी पाण्याखालून कोणीतरी सावकाश हाक मारतंय असं. मांडीवर पडद्याचं कापड, खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढतंय, आणि वरून हे असं काहीतरी उतरत असतं. अशा दुपारी मी सुई हातात धरून बसल्या जागी किती डुलक्या काढल्या असतील याला गणती नाही. डोळे उघडले की सकाळ आहे की संध्याकाळ हे क्षणभर कळायचं नाही, आणि कळावं असंही वाटायचं नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, हा घंटेसारखा आवाज नेमका कोणता डबा काढतो? झालं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि रिंग मॉड्युलेटर समजावून सांगितला. त्याच्यात दोन आवाज घालायचे. तो त्या दोघांचा गुणाकार करतो. बाहेर जे येतं त्यात पहिला नसतो आणि दुसराही नसतो. असते ती फक्त त्यांची बेरीज आणि वजाबाकी, दोन्ही एकदम वाजणारी. मी म्हटलं, म्हणजे सासू आत गेली, सासरा आत गेला आणि बाहेर आली नणंद. भावोजींनी यावर खरोखर विचार केला आणि जवळपास तसंच आहे म्हणाले. ताई दारात उभी होती. ती इतक्या मोठ्याने हसली की चौकटीतला एक सैल डबा झणझणला.

ताईचा आवाज होताच तसा. ती पोहायला शिकवायची. तो तलाव चार भिंतींच्या आत होता, खाली फरशी, वर पत्र्याचं उंच छप्पर, आणि तिथे कोणी काहीही बोललं तरी त्या बोलण्याचा लगदा होऊन परत यायचा. ताईचे शब्द मात्र सुटे सुटे, काठावरून सरळ पलीकडच्या टोकाला पोचायचे. गुडघ्यातून नाही, मांडीपासून पाय मारा, हे तिने एकदा म्हटलं की तलावातल्या सगळ्यांचे पाय सुधारायचे, ज्यांना म्हटलं नाही त्यांचेसुद्धा. पाण्याला घाबरणारी मोठी माणसं तिच्याकडे यायची आणि तिलाच जास्त घाबरून पोहायला शिकायची.

भावोजी तिला भेटले ते तिथेच. तलावावरचा लाउडस्पीकर बिघडला म्हणून त्यांना बोलावलं होतं. ते पायऱ्यांवर बसून बराच वेळ ऐकत राहिले आणि मग व्यवस्थापकांना म्हणाले की या बाई असेपर्यंत इथे लाउडस्पीकरची काही गरज नाही. काम हातचं गेलं. पुढच्या आठवड्यात ते पोहणं शिकायला म्हणून हजर झाले. पोहता त्यांना आजही येत नाही, पण ताईशी लग्न झालं.

त्यानंतर त्या घरात ताई बोलायची आणि भावोजी ऐकायचे. बाहेरच्यांना वाटायचं, ही बाई या बिचाऱ्याला चूं करू देत नाही. तसं नव्हतं. रात्री मागच्या खोलीत बसून राहिलेल्या भावोजींना ती स्वयंपाकघरातूनच सांगायची, "दिवा घालव. किती वेळ बसशील? झोप आता." मला ते खाली अंथरुणात ऐकू यायचं, आणि माझाही दिवा मी मुकाट्याने घालवायचे.

मागच्या वर्षी ताईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण त्यासाठी स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. आता ती गळ्याच्या पुढच्या बाजूला केलेल्या छोट्या छिद्रातून श्वास घेते. तोंडाकडे हवाच जात नाही, म्हणून आवाज नाही. शिटी फुंकता येत नाही. पाण्यात उतरता येत नाही, कारण पाणी गळ्यातूनच आत शिरेल. ज्या तीन गोष्टींवर माझी बहीण उभी होती त्या तिन्ही एकाच सकाळी गेल्या. मला त्या दिवसांत देवाचा इतका राग आला होता की सांगायची सोय नाही.

इस्पितळातून एक यंत्र मिळालं होतं, हातातल्या लहान टॉर्चएवढं. हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं, ते एकसुरी गुरगुरतं, आणि आपण नुसते ओठ आणि जीभ हलवायची. त्या गुरगुरण्याचेच शब्द होतात. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी ते ताईला शिकवलं आणि ताई चटकन शिकली. अंगाचं वळण म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ती एकटी खाली दुकानात गेली. यंत्र लावून तिने अर्धा किलो साखर मागितली. दुकानदाराने मान वर केली आणि अगदी अदबीने म्हणाला, "बाई, तुमचा फोन वाजतोय."

तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं. पण ताई साखर न घेता परत आली, यंत्र कपाटाच्या खणात ठेवून खण बंद केला, आणि त्यानंतर ती बोललीच नाही. हातवारे करायची, टाळी वाजवून बोलवायची, ओठांनी एखादा शब्द दाखवायची, आणि समजलं नाही तर हात झटकून राहू दे म्हणायची. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की सवय मोडली तर जीभ आळसावते आणि मग परत वळत नाही. तलावाचे व्यवस्थापक मधूनमधून विचारायचे: काठावरून शिकवा, पाण्यात उतरायची गरज नाही, फक्त या. उन्हाळ्याआधी मात्र त्यांना दुसऱ्या कोणालातरी नेमावंच लागणार होतं. ताई पुन्हा बोलणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या घरात उरला होता, आणि तो विचारायची माझीही छाती होत नव्हती.

अशा घरात भावोजींनी एक दिवस एक सोडून तीन रिंग मॉड्युलेटर आणले.

त्यांच्यासारखेच तारवेडे चार जण आहेत, त्यांच्याकडून वापरून बघायला म्हणून आणले होते. त्यांचा स्वतःचा जुना होता तो कधीच मेला होता. तिघांतला एक ठेवायचा आणि चौकटीतली रिकामी जागा भरायची, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला. बायको मुकी झाली आणि हा माणूस डबे निवडतोय.

पहिला डबा माझ्याहून वयाने मोठा असावा. आत चार डायोड एकमेकांचे हात धरून गोल उभे, आणि दोन बाजूंना दोन जाड ट्रान्सफॉर्मर. त्याला वीजसुद्धा लागत नव्हती. आवाज खरखरीत, थोडा चिडका. हळू बोललेलं तो गिळून टाकायचा, आणि एका बाजूला काहीच नसलं तरी दुसऱ्या बाजूचा सूर त्याच्यातून बारीकसा पाझरत राहायचा. दुसऱ्यात सगळं काम एक चिप करायची. तो शहाण्या मुलासारखा होता, सांगितलं तेवढंच आणि नीट. तिसरा डिजिटल, नुसत्या आकड्यांवर चालायचा, आणि त्याचा आवाज इतका स्वच्छ की त्याला इस्त्रीचा वास यावा.

तुलना कशी करतात हे मी तेव्हा पाहिलं. तिघांनाही तोच आवाज द्यायचा आणि तिघांचाही आवाज काटेकोरपणे सारखाच मोठा ठेवायचा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. आणि ऐकणाऱ्याला कोणता चालू आहे ते कळता कामा नये. स्वतःचं स्वतः ऐकलं तर हाताला माहीत असतं आणि हात कानाला सांगतो, असं भावोजी म्हणाले. म्हणून त्यांनी ताईला बसवलं. वेताच्या खुर्चीत, चौकटीकडे पाठ करून, डोळे मिटून. मी त्या खोलीसाठी शिवलेले दुहेरी अस्तराचे पडदे अर्धे ओढलेले असायचे आणि मधल्या फटीतून उन्हाची एक पट्टी ताईच्या पावलांवर पडायची.

ते घरातलेच आवाज देत होते, पूर्वी कधीतरी टिपून ठेवलेले. नळाचं ठिबकणं, लिफ्टचं सरकतं दार, किटलीतलं पाणी. एकेक आवाज डब्यातून जायचा आणि आपली ओळख विसरून बाहेर यायचा. ठिबकणारा नळ काचेच्या जिन्यावरून कोणी अनवाणी उतरतंय असा वाजायचा. लिफ्टचं दार दूरवर उडणारा थवा व्हायचं. पहिला, दुसरा, तिसरा. पुन्हा दुसरा, पुन्हा पहिला. ताई पसंती हाताने सांगायची. आवडलं नाही की तळवा खाली, आवडलं की हात हवेत संथ पुढे जायचा, जसा ती शिकणाऱ्यांना पाण्यात न्यायला सांगायची. पहिल्या डब्याला, त्या खरखरीत म्हाताऱ्याला, तिचा हात नेहमी पुढे गेला.

मी तोंडात टाचण्या धरून शिवण घेऊन तिथेच बसू लागले. उन्हाची पट्टी ताईच्या पावलांवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून भिंतीवर जायची, मग राखाडी व्हायची. दिवा लावायला कोणी उठत नसे. अंधारत जाणाऱ्या त्या खोलीत आम्ही तिघं आणि मधे ते आवाज. मला वाटायचं, आपण कुठल्या तरी मोठ्या तलावाच्या तळाशी बसलो आहोत आणि वर जायची कोणालाच घाई नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ताईच्या कपाळावरची आठी सुटलेली मी त्या दुपारी पाहिली. मनात म्हटलं, वेडा असला तरी भला माणूस आहे.

आणि मग त्यांनी माइक टांगला.

ते स्वतःच माइकमध्ये बोलू लागले. एक दोन तीन, आज वार कोणता, काहीही. डब्यातून बाहेर यायचा तो माणसाचा आवाज नव्हताच, यंत्राने माणसाची नक्कल करावी तसलं काहीतरी. ताईने डोळे उघडले. ती उठली, खुर्ची भिंतीला लावली आणि बाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती फिरायला जाऊ लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भावोजींना जिन्यात गाठून सुनावलं की घरात काय झालंय याचं काही भान आहे का, दुसरं काही मिळालं नाही का तुलना करायला. ते खाली बघत एवढंच म्हणाले की माणसाचा आवाज लपवाछपवी करू देत नाही, खरी परीक्षा त्याच्यावरच होते. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. त्या खोलीच्या एका पडद्याची शिवण उसवली होती. राग असला तरी उसवलेला पडदा मला बघवत नाही. तो शिवून, खांद्यावर टाकून मी वर निघाले होते. दुपार कलली होती, जिन्यातल्या काचेतून पिवळा उजेड पायऱ्यांवर सांडला होता. वरचं दार अर्धवट उघडं होतं. आणि त्यातून ते गुरगुरणं आलं. ते यंत्र. मागोमाग शब्द, सपाट, एका सुरात, पण स्पष्ट समजणारे: दिवा घालव. किती वेळ बसशील. झोप आता.

ताई बोलत होती. पडदा खांद्यावरून घसरून जिन्यात खाली गेला, मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि तोंडभर हसू आलं होतं, अशा अवतारात मी धावत मागच्या खोलीत शिरले.

वेताची खुर्ची रिकामी होती. माइक अजून चालू न करता त्याच्यापुढे भावोजी उभे होते. हनुवटी वर, ताईचं यंत्र स्वतःच्या गळ्यात इतकं रुतवलेलं की भोवतालची कातडी पांढरी पडली होती, आणि ओठ आवाज न करता हलत होते.

ते यंत्र कोणाच्याही गळ्याला लावलं तरी तसंच गुरगुरतं, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या आवाजात तिचेच शब्द, ती घरात नसताना. लाज नाही वाटत का, इथपर्यंत मी गेले. त्यांनी यंत्र खाली घेतलं. गळ्यावर गोल लाल वळ उठला होता. माझा दम संपेपर्यंत ते थांबले आणि मग हळूहळू त्यांनी सांगितलं.

यंत्राचं गुरगुरणं म्हणजे एक ठरलेला सूर. ताईला लाज वाटते ती त्याची. त्या सुराशी दुसरा योग्य सूर गुणला तर तो जरा खाली सरकेल, त्याची धार जाईल, ताईचा आवाज जिथे होता त्याच्या आसपास पोचेल, असं त्यांना वाटलं होतं. कमरेला लावायचा एक छोटा डबा आणि छोटा स्पीकर करायचा. चौकटीतल्या रिकाम्या जागेची गोष्ट खोटी होती. ताईला आधीच सांगितलं असतं आणि जमलं नसतं, तर तिने पुन्हा खण बंद केला असता.

मी विचारलं, मग जमतंय का? ते नाही म्हणाले. रिंग मॉड्युलेटर नुसता खालचा सूर कधीच देत नाही, वरचाही देतो. माइक चालू करून त्यांनी मला दाखवलं, एक शब्द आत घातला की त्याचे दोन भांडखोर शब्द होऊन बाहेर येतात. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग तीन तीन कशाला आणलेत?"

"वाटलं, एखादा तरी चुकीचा वागेल," भावोजी म्हणाले.

माझा राग तिथेच बसला. पण त्यांचं संपलं नव्हतं. बटणं फिरवता फिरवता त्यांच्या लक्षात आलं होतं की जवळ पोचलो की नाही हे ठरवायला शेजारी मूळ आवाज हवा. इतक्या वर्षांत त्यांनी घरातला प्रत्येक आवाज टिपला होता, म्हणून ते जुनी टिपणं ऐकत बसले. त्यांनी मलाही ऐकवली. किटलीच्या आधी ताईने बोलायला ओठ उघडल्याची चाहूल, आणि लगेच भावोजींचं "श्श". मग किटली. लिफ्टच्या आधी नुसता एक श्वास, आणि "श्श". मग लिफ्ट. पावसाच्या पन्हळीआधी, दाराच्या बिजागरीआधी, सगळीकडे तेच. टिपायचं बटण दाबलं की ताईने गप्प बसायचं, हा त्या घरातला रिवाज होता, आणि माझी बडबडी बहीण तो हसत पाळायची. तलावावर लोकांनी फोनवर काढलेली शर्यतींची चित्रणं होती, त्यात नुसता पाण्याचा कल्लोळ आणि शिटी. जगातले सगळे आवाज गोळा करणाऱ्या माणसाकडे त्याच्या बायकोचा आवाज नव्हता.

मी म्हटलं, यंत्रात नसेल, पण डोक्यात तर असेल. भावोजी एक तार हाताला गुंडाळू लागले.

तेव्हा मला दारात ताई दिसली. ती कधीची तिथे होती कोण जाणे. हल्ली तिचं येणंजाणं कळत नाही. तिच्या हातात पिशवी होती आणि नजर यंत्रावर.

मला वाटलं, आता ती ते यंत्र खिडकीतून बाहेर फेकणार. तिने पिशवी खाली ठेवली, सरळ आत आली आणि भावोजींचं मनगट धरून त्यांना माइकपासून बाजूला घेतलं. यंत्र त्यांच्या गळ्याशी नेलं, थोडं खाली, थोडं डावीकडे. त्यांनी सवयीने जोर दिला तशी तिने त्यांच्या बोटांवर टिचकी मारली. दाबायचं नाही, टेकवायचं. काठ घट्ट धरून बसणाऱ्या शिकाऊ लोकांच्या बोटांवर ती अशीच टिचकी मारायची. मग हनुवटीने खूण केली: बोल. भावोजींचे ओठ हलले आणि या वेळी शब्द अगदी मोकळा आला.

"चुकलो."

ताईने यंत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. बाहीला पुसलं. न बघता गळ्याला लावलं, आणि ते पहिल्या फटक्यात जागेवर बसलं. इतके महिने लोटले होते, जीभ वळते की नाही कोणाला ठाऊक. माइकपुढेच उभं राहून तिने बटण दाबलं आणि काहीतरी म्हटलं, पण माइक चालू होता आणि तार पहिल्या डब्यातच होती, त्यामुळे खोलीभर नुसत्या घंटा झाल्या, वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या. पडद्यांतून, चौकटीतून, आमच्या अंगातून तो नाद फिरत राहिला. एरवी मला तो सुंदर वाटला असता. ताईने कपाळाला आठी घातली आणि तो विरेपर्यंत थांबली.

"बंद कर ते," माइकपासून दूर होऊन ती म्हणाली.

भावोजींनी एकेक तार उपटली. पहिला, दुसरा, तिसरा. मग माइक. खोलीत काहीच उरलं नाही.

"असंच ऐक," ताई म्हणाली. शब्द थोडे घसरत होते, पण कळत होते. ती त्यांच्याकडेच बघत होती. "माझा आधीचा आवाज आठवतो तुला?"

मी डोळ्यांनी भावोजींना खुणा केल्या, हो म्हणा, हो म्हणून मोकळे व्हा. पण त्या माणसाला आवाजाच्या बाबतीत खोटं बोलता येत नाही.

"नाही," ते म्हणाले. "खूप प्रयत्न केला. झोपताना करतो, उठल्यावर करतो. शब्द आठवतात. आवाज नाही आठवत."

ताईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं, ही आता रडतेय. मी पुढे झाले आणि तिचा चेहरा पाहिला. ती हसत होती. ऑपरेशननंतर तिच्या हसण्याला आवाज नाही, म्हणून ते चेहऱ्यावरच शोधावं लागतं. डोळ्यांत पाणीही होतं, दोन्ही एकदम होतं. तिने यंत्र पुन्हा गळ्याला लावलं.

"मलाही नाही आठवत," ती म्हणाली. "मग आता हाच माझा."

भावोजी तिच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले. त्यांना रडू आवरत नव्हतं आणि ते आवरायचा प्रयत्नही करत नव्हते.

"बोल," ते म्हणाले.

ताई खुर्चीत बसली आणि बोलू लागली. त्या दुकानदारापासून तिने सुरुवात केली.